आयुर्विम्याचा शेअर पुस्तकी मूल्यावर तोलला जातो आहे

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी व व्यवस्थापकीय संचालक, भारतीय आयुर्विमा महामंडळ, 'योगक्षेम', मुंबई;
अध्यक्ष, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद;
अध्यक्ष, सेबी, मुंबई यांस



आयुर्विमा महामंडळाच्या शेअरवर बोट ठेवलं की मोबाइलवर चार-पाच आकड्यांची एक पट्टी उघडते. त्यात 'पी/बी' नावाचा एक आकडा असतो. शेअरचा बाजारभाव त्याच्या पुस्तकी मूल्याच्या किती पट आहे, ते तो सांगतो. मी पंढरपुरात व्यापाऱ्यांचे आणि बागायतदारांचे हिशेब लिहितो, त्यांची विवरणपत्रं भरतो. मार्च उलटला की शेअरच्या खरेदी-विक्रीचे कागद माझ्या टेबलावर येतात. का विकलंत, का घेतलंत, असं विचारलं की या एका आकड्याकडे बोट दाखवणारी माणसं दर वर्षी भेटतात. आयुर्विमा कंपनीचं मोल या आकड्याने ठरत नाही, हे तुम्हा तिघांनाही पुरेपूर ठाऊक आहे. ते पॉलिसीधारकांना त्यांच्या भाषेत सांगण्याची जबाबदारी तुमची आहे. ती पार पडलेली नाही, म्हणून हे पत्र.

मे २०२२ मध्ये महामंडळाचा शेअर विक्रीला आला, तेव्हाचं आमचं गाव आठवतं. पॉलिसीधारकांसाठी १० टक्के हिस्सा राखून ठेवला होता. त्यासाठी २८ फेब्रुवारीच्या आत पॅन पॉलिसीला जोडायचा होता आणि डीमॅट खातं लागणार होतं. घराघरांतल्या कपाटांतून सातबाऱ्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले पॉलिसीचे बाँड बाहेर निघाले. आयुष्यात ज्यांनी पोस्ट, सोनं आणि जमीन यापलीकडे पैसा गुंतवला नव्हता, त्यांनी पहिलं डीमॅट खातं उघडलं ते या शेअरसाठी. १५ शेअरचा एक लॉट. ९४९ रुपये भाव आणि पॉलिसीधारकाला ६० रुपयांची सूट धरली तर एका लॉटला १३,३३५ रुपये. देशभरात पॉलिसीधारकांच्या हिश्शाला सहापटीने मागणी आली. १७ मे रोजी शेअर बाजारात उतरला तो ८६७ रुपयांना, म्हणजे सूट धरूनही पहिल्याच दिवशी तोटा.

या लोकांनी महामंडळावर विश्वास टाकला होता. भाव पडला तसे ते कारण शोधू लागले, आणि मोबाइलने कारण दाखवलं. ३१ मार्च २०२२ च्या ताळेबंदाप्रमाणे महामंडळाचं भागभांडवल आणि राखीव निधी मिळून सुमारे १०,४०० कोटी होते. शेअर ६३२ कोटींहून थोडे जास्त. म्हणजे शेअरमागे पुस्तकी मूल्य साधारण साडेसोळा रुपये, आणि ९४९ हा भाव त्याच्या सत्तावन्न पट. कासेगावच्या एका द्राक्षबागायतदाराने त्या पावसाळ्यात साडेसहाशेच्या आसपास सगळे शेअर विकले. बँकांचे शेअर दोन-तीन पटीने मिळत असताना आपल्याला पन्नास पटीने गळ्यात मारलं, ही त्याची समजूत. मी त्याला समजावायला गेलो, तर त्याने पडद्यावरचा आकडा दाखवला. आकडा बरोबर होता.

महामंडळाचं पुस्तकी मूल्य इतकं कमी का होतं, याचं उत्तर १९५६ मध्ये आहे. त्या वर्षी १९ जानेवारीला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. २४५ विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या एकत्र करून १ सप्टेंबरला महामंडळ उभं राहिलं. अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ मध्ये साताऱ्यात काढलेली वेस्टर्न इंडियाही त्यात गेली. या सगळ्या पसाऱ्याला सरकारने भांडवल दिलं ५ कोटी रुपये. पन्नासहून अधिक वर्षं ते तेवढंच राहिलं. २०११ च्या सुमारास ते १०० कोटी झालं, आणि शेअर विकायचे म्हणून २०२१ मध्ये राखीव निधीतून ६,३२५ कोटी. या साऱ्या काळात पैसा साचत होता तो पॉलिसीधारकांच्या आयुर्विमा निधीत, भागधारकांच्या खात्यात नाही. शिलकी नफ्यातला ९५ टक्के वाटा विमेदारांचा आणि ५ टक्के सरकारचा, अशी जुनी वाटणी होती. भागधारकाच्या नावे पुस्तकात थोडं दिसतं त्याचं कारण हे. कंपनी पोकळ होती म्हणून नव्हे.

पुढे जे झालं ते याहून बोलकं आहे. २०२१-२२ मध्ये महामंडळाचा नफा ४,०४३ कोटी होता, २०२२-२३ मध्ये तो ३६,३९७ कोटी झाला. एका वर्षात नऊ पट. त्यातले सुमारे २७ हजार कोटी हे असहभागी पॉलिसींच्या निधीतून भागधारकांच्या खात्यात वळवलेले होते. असहभागी म्हणजे ज्यांना बोनस मिळत नाही अशा पॉलिसी. कायद्यातल्या बदलानंतर त्यांचा नफा पूर्णपणे भागधारकांचा झाला आहे, त्यामुळे ही वळवणूक रीतसर होती. पण तिचा परिणाम पाहा. शेअरमागचं पुस्तकी मूल्य साडेसोळावरून साधारण बहात्तर रुपयांवर गेलं. ३१ मार्च २०२३ ला भाव साडेपाचशेच्या खाली होता. पी/बी सत्तावन्नवरून साडेसातच्या आत आलं.

याच बारा महिन्यांत महामंडळाने स्वतः जाहीर केलेलं अंतर्भूत मूल्य, ज्याला तुम्ही एम्बेडेड व्हॅल्यू म्हणता, ते ५,४१,४९२ कोटींवरून ५,८२,२४३ कोटींवर गेलं. साडेसात टक्क्यांची वाढ. पुस्तकी मूल्य चौपटीहून वाढलं आणि धंद्याचं मोल साडेसात टक्क्यांनी. पैसा एका खान्यातून दुसऱ्या खान्यात गेला, आणि मोबाइलवर तो शेअर महागाचा स्वस्त झाला. तो आकडा पाहून २०२३ मध्ये इथल्या एका निवृत्त शिक्षकांनी शेअर घेतले. भाव २०२४ च्या सुरुवातीला ९४९ च्या वर गेला, त्यांना फायदा झाला. त्यांना वाटतं आपण पी/बी बघून घेतले म्हणून झाला. पुढच्या वेळीही ते तेच बघतील.

आयुर्विम्याचं पुस्तकी मूल्य नेमकं काय चुकवतं, हे आमच्या भागात सांगायचं तर द्राक्षबागेइतकं सोयीचं काही नाही. बाग उभी करायची म्हणजे अँगल, तारा, ठिबक, डॉगरिजचे खुंट, कलमं, मजुरी. पहिल्या वर्षी नुसता खर्च. माल लागतो नंतर, आणि छाटण्या नीट केल्या तर पुढची दहा-पंधरा वर्षं लागत राहतो. अशी बाग विकायला काढली आणि घेणाऱ्याने अँगल-तारांची घसारा वजा केलेली किंमत सांगितली, तर कासेगावात त्याला कोणी दारात उभं करणार नाही. आयुर्विम्याचंही तसंच आहे. नवी पॉलिसी विकली की पहिल्याच वर्षी एजंटाचं कमिशन, डॉक्टरी तपासणी, कागदपत्रं आणि भविष्यातल्या देण्यासाठी बाजूला काढायची तरतूद, असा सगळा भार येतो. हप्ते पुढे वीस-पंचवीस वर्षं येत राहणार असतात, त्यातला नफा ताळेबंदात आज दिसत नाही. म्हणून जी कंपनी भराभर चांगल्या पॉलिसी विकते तिचं पुस्तकी मूल्य दबतं आणि पी/बी फुगतं. जिने नवा धंदा बंद केला तिचं पुस्तक सुधारतं आणि ती स्वस्त दिसते.

अंतर्भूत मूल्य ही उणीव भरून काढण्यासाठीच आहे. भागधारकांची आजची समायोजित मालमत्ता, अधिक आधीच विकलेल्या पॉलिसींमधून पुढे येणाऱ्या नफ्याची आजची किंमत. मृत्यूचं प्रमाण, खर्च, व्याजदर आणि किती लोक हप्ते अर्ध्यावर सोडतील याचे अंदाज धरून ते काढतात.

इथे मला नुसती पी/बीची तक्रार करून थांबायचं नाही. अंतर्भूत मूल्याचा आकडा तुम्ही देता, पण तो कसा वाचायचा ते सांगत नाही. मार्च २०२१ अखेर महामंडळाचं अंतर्भूत मूल्य ९५,६०५ कोटी होतं. सप्टेंबर २०२१ अखेर ते ५,३९,६८६ कोटी झालं. सहा महिन्यांत साडेपाच पट. या सहा महिन्यांत नव्या पॉलिसींचा पूर आला नव्हता. एकच असलेला आयुर्विमा निधी कायदा बदलून सहभागी आणि असहभागी असा दुभंगला, आणि असहभागी निधीतल्या शेअरगुंतवणुकीची वाढ भागधारकांच्या बाजूला मोजली गेली. ९४९ च्या भावाला कंपनीची एकूण किंमत सहा लाख कोटी होत होती. ती या अंतर्भूत मूल्याच्या सुमारे १.१ पट, तर त्या वेळी मोठ्या खासगी आयुर्विमा कंपन्यांचे शेअर त्यांच्या अंतर्भूत मूल्याच्या दुपटीहून अधिक भावाने मिळत होते. सत्तावन्न पट पाहून भ्यायलेल्या माणसाला हा १.१ पटीचा आकडा कोणी दाखवला असता तर तो उलट्या टोकाला गेला असता, फुकटात मिळतंय म्हणाला असता. तेही बरोबर नव्हतं. महामंडळाच्या अंतर्भूत मूल्यातला मोठा भाग शेअरबाजाराच्या चढउतारावर हलतो, आणि नव्या धंद्याची भर त्या मानाने बारीक आहे. २०२४-२५ मध्ये नव्या पॉलिसींचं मूल्य १०,०११ कोटी होतं, आणि वर्षाच्या सुरुवातीचं अंतर्भूत मूल्य ७,२७,३४४ कोटी. म्हणजे नव्या विक्रीने वर्षाला दीड टक्क्याचीही भर पडत नाही. बाजार या शेअरला अंतर्भूत मूल्याहून कमी भाव का देतो, त्याचं एक मोठं कारण इथे आहे. दुसरं कारण सोडलेल्या पॉलिसींचं. पाच वर्षांनी शंभर रुपयांच्या हप्त्यांपैकी जेमतेम साठ रुपयांचे हप्ते चालू राहतात. आमच्या भागात ऊसबिल थकलं किंवा अवकाळीने बाग झोडपली की पहिला हप्ता चुकतो तो विम्याचा. पंढरपुरात बसून मला कंपनीच्या मूल्यांकनातला हा भाग सगळ्यात ओळखीचा वाटतो.

सर्वसाधारण विम्यात मात्र पुस्तकी मूल्याला जागा आहे. डाळिंबाचा हवामानावर आधारित फळपीक विमा, ट्रकचा विमा, दुकानाचा आगीचा विमा यांचा हिशेब बहुतेक वर्ष-दोन वर्षांत मिटतो. हप्ता आला, दावा दिला, उरलं ते दिसलं. अशा कंपनीची मालमत्ता वजा देणी हा आकडा तिच्या मोलाच्या बराच जवळ असतो, फक्त दाव्यांच्या तरतुदी प्रामाणिक हव्यात. तरीही एकट्या पी/बीवर विसंबलं तर फसगत होते. जीआयसी री आणि न्यू इंडिया अॅश्युरन्स २०१७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अनुक्रमे ९१२ आणि ८०० रुपयांना बाजारात आल्या. पुढे न्यू इंडियाचा शेअर पुस्तकी मूल्याच्याही खाली गेला आणि बराच काळ तिथेच राहिला. १ पेक्षा कमी पी/बी बघून किती जणांनी तो घेतला आणि वर्षानुवर्षं वाट पाहिली. बाजाराचं म्हणणं वेगळंच होतं. दावे आणि खर्च मिळून हप्त्याच्या १०० टक्क्यांपलीकडे जात असतील, तर पुस्तकातला प्रत्येक रुपया पुढे झिजणारच. सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांपैकी ज्या बाजारात आल्या नाहीत त्या तिघींना, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडियाला, २०१९-२० ते २०२१-२२ या तीन वर्षांत सरकारने १७,४५० कोटींचं भांडवल दिलं. तोट्याचा विमा विकत राहिलं की पुस्तकी मूल्याचं काय होतं, ते तिथे दिसलं.

ज्यांचा सगळा व्यवसाय विम्याच्या पैशावर वाढला त्या वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने तीस वर्षं शेअरमागच्या पुस्तकी मूल्याची वाढ अहवालाच्या अग्रभागी ठेवली होती. २०१८ च्या वार्षिक पत्रात त्यांनी हा मापदंड आता उपयोगाचा राहिला नाही असं लिहून तो बाजूला ठेवला, आणि का ठेवला ते भागधारकांना सोप्या शब्दांत समजावलं. एवढी अपेक्षा महामंडळाकडून ठेवणं गैर नाही.

आता मागणी. महामंडळाच्या वार्षिक अहवालासोबत एक पान मराठीत आणि इतर भारतीय भाषांत द्या. त्या पानावर शेअरमागचं पुस्तकी मूल्य आणि शेअरमागचं अंतर्भूत मूल्य शेजारी-शेजारी असावं. वर्षभरात दोन्हींत झालेला फरक कशामुळे झाला ते लिहावं: किती नव्या पॉलिसींमुळे, किती शेअरबाजारामुळे, किती अंदाज बदलल्यामुळे आणि किती एका निधीतून दुसऱ्यात वळवल्यामुळे. नफ्यातला वळवणुकीचा भाग वेगळा छापा. हे सगळं तुमच्या इंग्रजी कागदपत्रांत आहे, मी ते वाचून इथे मांडलं आहे. पण शेकडो पानांच्या अहवालात आणि विश्लेषकांसाठीच्या सादरीकरणात ते विखुरलेलं आहे, आणि १५ शेअर घेतलेला माणूस तिथवर पोहोचत नाही.

नियामकांना वेगळं सांगायचं आहे. विमा करारांसाठीच्या नव्या लेखामानकाची, भारतीय लेखामानक ११७ ची, अधिसूचना ऑगस्ट २०२४ मध्ये निघाली आहे. ते विमा कंपन्यांच्या ताळेबंदाला लागू होईल तेव्हा पॉलिसींमधला पुढचा नफा ताळेबंदात वेगळ्या रीतीने दाखवला जाईल आणि प्रत्येक आयुर्विमा कंपनीचं पुस्तकी मूल्य पुन्हा बदलेल. कोणाचं वाढेल, कोणाचं घटेल, आणि त्या दिवशी एकही पॉलिसी नवी विकली गेलेली नसेल. २०२३ मध्ये जे महामंडळाच्या एका शेअरबाबत झालं ते सगळ्याच आयुर्विमा शेअरबाबत एका दमात होईल. निदान तीन वर्षांचे जुने आणि नवे आकडे एकत्र छापण्याची सक्ती आधीच करा. बदलाच्या वर्षी पी/बीची मागच्या वर्षाशी तुलना निरर्थक आहे, हे मराठी वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन सांगा. पॉलिसी घ्या हे सांगणाऱ्या जाहिराती आमच्या गावापर्यंत येतातच.

सेबीने २०२४ मध्ये शेअरविक्रीच्या कागदपत्रांतली माहिती इंग्रजी आणि हिंदीत दृक्‌श्राव्य रूपात देणं बंधनकारक केलं. पाऊल चांगलं आहे. ते मराठीपर्यंत आणा. आणि तुमच्याकडे नोंदणी असलेले दलाल आपल्या अॅपवर बँक, सिमेंट कारखाना आणि आयुर्विमा कंपनी या सगळ्यांना एकाच पट्टीत एकच पी/बी दाखवतात, ते थांबवा. आयुर्विम्यासमोर अंतर्भूत मूल्याची पट दाखवा, सर्वसाधारण विम्यासमोर पी/बीच्या जोडीला दावे-खर्चाचं एकत्रित प्रमाण दाखवा. दोन ओळींचा बदल आहे. यासाठी कायदा करावा लागत नाही, परिपत्रक पुरतं.

आणखी एक गोष्ट राहते. आमच्यातले पुष्कळ लोक आता पॉलिसीधारकही आहेत आणि भागधारकही. सहभागी पॉलिसींच्या नफ्यात विमेदाराचा वाटा ९५ टक्क्यांवरून मधल्या दोन वर्षांत साडेब्याण्णव आणि २०२४-२५ पासून ९० टक्के झाला आहे. भागधारकाचा १० झाला. ज्याच्याकडे पाच लाखांची जुनी सहभागी, म्हणजे विथ-प्रॉफिट, पॉलिसी आणि १५ शेअर आहेत, त्याच्या एका खिशातून किती गेलं आणि दुसऱ्या खिशात किती आलं, हे त्याला आजवर कोणी मांडून दाखवलेलं नाही. जिथे १५ शेअरवरच्या लाभांशापेक्षा पॉलिसीवरच्या बोनसमधली घट मोठी असेल, तिथे त्या माणसासाठी शेअरचं पी/बी कितीही आकर्षक दिसलं तरी व्यवहार तोट्याचा ठरतो. मागितलेल्या पानावर या वाटणीचं एक उदाहरणही छापा: एक पॉलिसी, एक लॉट, जुना वाटा आणि नवा वाटा.

हे पान पुढच्या वार्षिक सभेच्या सूचनेसोबत पाठवावं, आणि त्याची एक प्रत शाखांच्या सूचनाफलकावर लावावी, म्हणजे हप्ता भरायला आलेल्या माणसालाही ते वाचता येईल.

कळावे,

आपला,
एक विमेदार आणि भागधारक
पंढरपूर, जि. सोलापूर